डोंगरानं पुसलेली दिशा

मित्रांनो, चुनखडीच्या एका करड्या तुकड्याजवळ सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मी आहे तरी केवढा! दोन रुपयांच्या नाण्याएवढा गोल आणि बोटाच्या पेराएवढा उंच. विश्रांतवाडीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये मी पडून आहे. अंगावर ‘४१ ब’ असा नंबर आहे. माझ्यापायी एका मुलीची पाच वर्षं पाण्यात गेली. मला तोंड असतं तर मी ओरडून तिला सावध केलं असतं. तोंड नव्हतं, म्हणून सगळं नुसतं बघत राहिलो. ते बघणं फार वाईट होतं.

माझा जन्म समुद्रातला. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा टेथिस नावाचा समुद्र होता आणि आपली भारतभूमी विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला होती. शिंपल्यांचा चुरा, चिखल, बारीक गाळ सावकाश तळाशी बसत होता. त्या गाळात लोखंडाच्या खनिजाचे डोळ्यांना न दिसणारे काळे कण होते. होकायंत्राच्या इवल्या सुयाच म्हणा ना. खाली बसता बसता त्या वळायच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून थांबायच्या. वरून आणखी गाळ पडायचा, दाब वाढायचा आणि गाळाचा दगड व्हायचा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुईचं उत्तरेकडचं टोक आकाशाकडे उचललेलं असतं. उत्तरेला आलं की तेच टोक जमिनीकडे झुकतं. माझ्या अंगातल्या सुया वर बघत होत्या. मी कुठे जन्मलो याचा तेवढा एकच दाखला माझ्याजवळ होता.

मग डोंगर उभा राहू लागला. भारतभूमी सरकत सरकत उत्तरेला आली आणि आशियाला भिडली. सतरंजी भिंतीकडे ढकलली की तिला घड्या पडतात, तशा आमच्या थरांना पडल्या. आम्ही खोल गाडले गेलो. वरून ओझं, खालून धग. भेगाभेगांतून कढत खारं पाणी घुसलं. त्यानं माझे जुने काळे कण खाऊन टाकले आणि त्यांच्या जागी लोखंड-गंधकाचं नवं चुंबकी खनिज वाढवलं. जिथून ते पाणी गेलं तिथे अंगावर एक तिरपी पांढरी शीर राहिली. पुढे सगळं निवलं, तेव्हा त्या नव्या खनिजानं त्या वेळची दिशा धरली. तोवर आम्ही विषुववृत्त ओलांडलं होतं. नव्या सुया खाली झुकल्या होत्या.

दुखलं किती ते मी सांगत नाही. सांगायचं ते हे, की जुनी दिशा पुसली गेल्याचं मला कळलंच नाही. ‘तू मूळचा कुठला?’ असं कोणी विचारलं असतं, तर मी अगदी मनापासून चुकीचं उत्तर दिलं असतं.

विचारणारी आली ती कोट्यवधी वर्षांनंतर. आम्रपाली रामटेके तिचं नाव. तिचे वडील तात्याराव भंडाऱ्याहून पुण्याला आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं लेथवर उभे राहिले. त्यांची ही थोरली मुलगी पुण्यातल्या एका संस्थेत पीएच.डी. करत होती. हिमाचलमधल्या स्पितीच्या उजाड डोंगरात, श्वास पुरत नाही अशा उंचीवर, पाण्याचे कॅन पाठीवर घेऊन ती चढायची. ड्रिल तापू नये म्हणून ते पाणी लागायचं. तिनं खडकात नळीसारखं भोक पाडलं, मला सोडवलं, पण लगेच बाहेर काढलं नाही. आधी पितळेच्या तारेनं माझ्या लांबीवर एक रेघ ओढली, वरची बाजू दाखवणारे बाण काढले आणि उत्तर कुठे आहे ते वहीत लिहिलं. एवढं केल्याशिवाय दगड उचलायचा नाही, असा या कामाचा नियमच आहे. ती खूण गेली की उरतो तो नुसता खडा.

टेथिस समुद्राचं मूळ स्थान शोधायचं, असा तिचा विषय होता. सुया किती वर उचललेल्या आहेत ते मोजलं की समुद्र दक्षिणेला किती दूर होता ते कळणार होतं. तीन उन्हाळे ती स्पितीला गेली आणि घडीच्या दोन्ही अंगांवरून दोनशे सहा नमुने घेऊन आली.

पुण्यात आम्हाला कापायचं होतं. प्रत्येक लांब नमुन्याचे दोन तुकडे करायचे. वरचा ‘अ’ राखीव ठेवायचा, खालचा ‘ब’ भट्टीत तापवून मोजायचा. कापायच्या यंत्राला सतत पाणी लागतं, आणि त्या आठवड्यात खडकवासल्याच्या जलवाहिनीची दुरुस्ती निघाली होती. गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी कमी दाबानं. म्हणून बुधवारी दुपारी आम्रपालीनं घाई केली. कापायचे राहिलेले, एकाच थरातले अकरा नमुने तिनं एका दमात कापले. खालच्या तुकड्यांवर रेघ होती, पण बाणाचं टोक वरच्या तुकड्याकडे गेलं होतं. ते नव्यानं काढायचं होतं. तिचे हात ओले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. तिनं आम्हा अकरा तुकड्यांना टेबलावर ओळीनं उभं केलं ते उलटं, आणि भराभर अकरा बाण काढले.

माझं खाली ते वर झालं. मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं. आणि मी काहीही करू शकलो नाही.

पुढचं वर्ष भट्टीत गेलं. शंभर अंश, दीडशे, दोनशे, असं थोडं थोडं तापवायचं, थंड करायचं, मोजायचं. साडेतीनशेच्या अलीकडेच आमच्या अंगातलं चुंबकत्व संपून जायचं आणि त्याच्याखाली जुनं काही सापडायचं नाही. समुद्राच्या सुया शिल्लकच नव्हत्या. आज दगड जसे डोंगरात आहेत तशा स्थितीत जवळजवळ सगळ्यांची दिशा एक येत होती. संगणकावर घडी उलगडून थर आडवे केले की ती विस्कटत होती. याचा अर्थ स्वच्छ होता. आमच्या अंगातली दिशा घड्या पडल्यानंतरची होती. समुद्राबद्दल आम्हाला काहीही ठाऊक नव्हतं.

तिचे मार्गदर्शक सलिल सर. त्यांनी आलेख बघितला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तीन वेळा स्पितीला जाऊन आपण काय शोधलंत? की हिमालय झाला. अभिनंदन. ही बातमी आम्हाला शाळेतच मिळाली होती.”

“सर, पण डोंगर होताना सगळ्यांचं चुंबकत्व बदललं, हेही—”

“प्रबंधाचं नाव काय आहे, वाचा.”

तिनं फाइलचं पहिलं पान उघडलं.

“जूनअखेर मुदत संपते. दोनदा वाढवून घेतली आहे. तिसऱ्यांदा मी शब्द टाकणार नाही.” मग त्यांचं बोट आलेखाच्या एका कोपऱ्यावर थांबलं. “हे अकरा कोण? हे वर बघतायत.”

ते अकरा आम्ही होतो.

“तेवढ्या थरात गरम पाणी पोचलं नसेल,” सर म्हणाले. त्यांचा आवाजच बदलला. “मूळ दिशा तिथे टिकली असेल. आम्रपाली, हे अकरा तुम्हाला वाचवतील.”

तिनं त्या ठिपक्यांकडे बघितलं. बुडणाऱ्या माणसानं काठाकडे बघावं तसं बघितलं. मी तिला दोष देत नाही. त्यात लबाडी नव्हती. असं खरोखरच घडू शकतं. दोनशे सहांत अकरा जण वाचले असतील, यावर विश्वास ठेवायला तिला फक्त थोडी आशा पुरेशी होती, आणि तिच्याजवळ दुसरं काही उरलंच नव्हतं.

सगळा मे महिना ती लिहीत बसली. आम्हा अकरांना तिनं कापूस घालून वेगळ्या डबीत ठेवलं. आजवर आम्ही क्रेटमध्ये एकमेकांवर आदळत होतो, आता कोणी पाहुणा आला की सर डबी उघडून दाखवायचे. एवढं कौतुक मी जन्मात पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की मला वाटायचं, या माणसाला तरी दिसेल. कोणीतरी मला उलटा धरेल. सगळे बघायचे, मान डोलवायचे आणि झाकण लावायचे.

एका शनिवारी तात्याराव प्रयोगशाळेत आले. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते टेबलावर उलगडलं. पितळेची पाटी होती, कसबा पेठेतून करवून आणलेली. ‘डॉ. आम्रपाली तात्याराव रामटेके’.

“बाबा, अजून व्हायचंय ना!”

“जूनमध्ये होते म्हणालीस ना तू? विहारातल्या मंडळींनी सत्काराचं पण ठरवलं. तुझ्या आईनं साडी काढून ठेवली.” मग त्यांनी डबीतून मला उचललं, तळहातावर वजन केल्यासारखं हलवलं. “हाच का तो? यानंच तारलं म्हणतेस?”

“हो,” आम्रपाली हसली.

पस्तीस वर्षं लोखंड कापलेला तो हात खरखरीत आणि गरम होता. त्या हातात मी खोटा साक्षीदार म्हणून पडलो होतो. कढत पाणी अंगात घुसलं तेव्हासुद्धा मला इतकं असह्य झालं नव्हतं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सरांनीच सुचवलं, अकरांचे राखीव ‘अ’ तुकडेही मोजून टाका, म्हणजे पुरावा दुप्पट होईल. आम्रपालीनं माझा जुळा काढला. ४१ अ. त्याला हलका ताप दिला आणि यंत्रात ठेवलं. पडद्यावर आकडे आले.

सुई खाली.

तिनं पुन्हा मोजलं. खाली. दुसरा ‘अ’ घेतला, तिसरा घेतला. खाली, खाली. तेव्हा खोलीत प्रयोगशाळेचे मदतनीस बद्रीनाथ होते. कसबा पेठेतून रोज चालत येणारा, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. ते भट्टी पुसत होते.

“बद्रीनाथकाका, यंत्र बिघडलंय का हो?”

“सकाळीच तपासलं मॅडम. ठणठणीत आहे.”

मग तिनं डबीतून मला काढलं. माझा बाण पाहून मला सरळ उभं केलं आणि वर माझ्या जुळ्याला ठेवलं. कापलेल्या कडा जुळल्या. पण त्याच्या अंगावरची पांढरी शीर खाली येऊन जिथे थांबत होती, तिथून माझी सुरू होत नव्हती. माझी शीर भलतीकडेच होती. तिनं मला गोल फिरवून बघितलं, तरी जमेना. शेवटी तिनं मला पालथं केलं.

शीर जुळली. वरपासून खालपर्यंत एकसंध, तिरपी. माझ्या जुळ्याचा बाण वर होता आणि माझा खाली.

ती खुर्चीवर बसली नाही, सरळ जमिनीवर बसली. “बुधवारी,” ती स्वतःशीच म्हणाली, “त्या बुधवारी कापले होते हे.” आणि मग तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, कारण बाहेर माणसं होती.

बद्रीनाथांनी फडक्याची घडी घातली. मग हळूच म्हणाले, “मॅडम, आज चष्मा घरी राहिलाय माझा. मला काही दिसलेलं नाही.”

चष्मा त्यांच्या नाकावरच होता.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. कोणालाही कळलं नसतं. ‘अ’ तुकडे हरवले म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पाटी तयार होती, साडी काढून ठेवलेली होती. तिनं मला मुठीत घेतलं होतं, मला तिच्या नाडीचे ठोके लागत होते, आणि मी देवाला नाही, डोंगराला विनवत होतो, की जसं मला वाकवलंस तसं हिला वाकवू नकोस. पण खरं सांगू? दुसऱ्या क्षणी वाटत होतं, वाकू दे. गप्प बसू दे. सुखी होऊ दे एकदाची.

अर्ध्या तासानं ती उठली, तोंड धुतलं आणि आम्हा दोघा जुळ्यांना घेऊन सरांच्या खोलीत गेली.

सरांनी शीर बघितली. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

“कोणाला सांगितलंत?”

“तुम्हालाच, सर.”

“मग ते इथेच राहू द्या.”

“नाही जमणार सर.”

“विचार करा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. एका महिन्यात नवा प्रबंध होत नाही.”

“माहीत आहे सर. पण हे अकरा उलटे आहेत.”

जूनची तीस तारीख आली आणि गेली. तिची नोंदणी रद्द झाली. सत्कार बारगळला. घरी तिनं सांगितलं तेव्हा कांताबाई, तिची आई, रडल्या. तात्याराव रडले नाहीत, रागावलेही नाहीत. ते फक्त “म्हणजे होणार नाही का?” एवढंच म्हणाले, पाटी कपाटात ठेवली, आणि त्यानंतर कित्येक महिने त्यांनी त्या विषयाचा एक शब्द काढला नाही. पुढे गॅलरीत आम्रपालीच्या तोंडून मी ऐकलं, त्यांनी दोन शब्द बोलून घेतले असते तर बरं झालं असतं.

तिनं एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायला सुरुवात केली. आम्ही प्रयोगशाळेच्या जिन्याखाली राहिलो. क्रेटवर धूळ बसली. कोणीतरी आमच्यावर रंगाचे रिकामे डबे ठेवले. कौतुकाची डबी कुठे गेली कोणास ठाऊक. मी पुन्हा सगळ्यांत आलो होतो. दिवसामागून दिवस जात होते आणि मला वाटत होतं, आता संपलं. समुद्र विसरलो, डोंगरानं दिलं ते कोणाला नको, आणि जिनं विचारलं तिचं मातेरं केलं.

पुढच्या वर्षी जिन्याखालची जागा नव्या यंत्रासाठी रिकामी करायचं ठरलं. एका सकाळी बद्रीनाथांनी आम्रपालीला फोन लावला. मी ऐकत होतो.

“मॅडम, राडारोड्याचा टेम्पो अकराला येतोय. तुमचे दगड यादीत आहेत. ‘बिनकामाचे’ लिहिलंय.”

पाऊण तासात ती रिक्षानं आली. तिच्याबरोबर तात्याराव होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण फोन त्यांनी शेजारीच बसून ऐकला होता. एकेका क्रेटचं वजन भलतंच. तात्यारावांनी साठी ओलांडलेली, तरी पहिला क्रेट त्यांनीच उचलला. रिक्षात मांडीवर एक, पायाशी दोन. विश्रांतवाडीला घरी उतरवून पुन्हा परत. दुसऱ्या खेपेत मी होतो. संस्थेच्या फाटकातून रिक्षा बाहेर पडत होती आणि टेम्पो आत शिरत होता. बद्रीनाथांनी टेम्पोवाल्याला चहा पाजून थांबवून धरलं होतं, पण चहा किती वेळ पुरणार? तिसऱ्या खेपेला ते पोचले तेव्हा जिन्याखाली झाडलेली फरशी होती. तीन क्रेट गेले होते. त्यांत माझा जुळा होता.

त्या दुपारी गॅलरीत बसून दोघं घाम पुसत होते. तात्यारावांनी पहिल्यांदाच विषय काढला.

“यातला खोटा निघालेला कोणता?”

आम्रपालीनं शोधून मला त्यांच्या हातात दिलं. “तो खोटा नव्हता बाबा. मी उलटा धरला होता.”

ते मला निरखत राहिले. “आमच्याकडे पण व्हायचं. लोखंडाचा जॉब उलटा बांधला जायचा मशीनवर.”

“मग?”

“मग काय! सांगितलं तर एक जॉब स्क्रॅपमध्ये जायचा. नाही सांगितलं तर गाडीत लागायचा.” थोडं थांबून म्हणाले, “बरं केलंस सांगितलं ते. मलाच बोलायला उशीर झाला.”

ती तेव्हा रडली. मोकळेपणानं, दार उघडं असताना.

त्यानंतर तिनं आम्हा सगळ्यांचे आकडे पुन्हा मांडले. अकरा बाण सरळ केले, आणि दोनशे सहाच्या दोनशे सहा एकाच दिशेला आले. डोंगर होताना कढत पाणी कुठवर पोचलं आणि घड्यांनंतर आमच्यावर नवी दिशा कशी उमटली, याचा लेख तिनं एकटीनं लिहिला. एकदा तो परत आला. हरवलेल्या तुकड्यांची फेरतपासणी कशी करणार, असं विचारलं होतं. दुरुस्त करून तिनं पुन्हा धाडला आहे. आठ महिने झाले, उत्तर नाही. ती रोज कॉलेजातून आली की आधी मेल बघते आणि मग चपला काढते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आगीतून गेलेल्याला ‘तू आधी कसा होतास’ एवढंच विचारू नका. मध्ये काय झालं तेही विचारा. आमच्याकडून चुकीचं उत्तर निघालं तर आम्हाला फेकण्याआधी एकदा हातात नीट धरून बघा. आणि राडारोड्यातून पुण्याच्या रस्त्यांखाली काय काय जातं ते तुम्ही जाणताच. कुठे खणलेला रस्ता दिसला, आणि मातीत नाण्याएवढा गोल, करडा, अंगावर पितळी रेघ असलेला दगड दिसला, तर कृपा करून उचला. विश्रांतवाडीला आणून द्या. आम्रपाली कॉलेजात असली तरी तात्याराव घरीच असतात.